पेटीची भिंत हलता कामा नये

मोटारीत सबवूफर बसवायचा तर डिकीवर पाणी सोडावं लागतं, असं बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं. चौकोनी पेटी सामानाची जागा खाते, आणि चाकाच्या कमानीमागची वाकडीतिकडी पोकळी मात्र रिकामीच राहते. नेमक्या त्या पोकळीच्या मापाची पेटी फायबरग्लासमध्ये घडवता येते. साहित्य निवडताना एकच कसोटी लावायची: आवाज मोठा केल्यावर भिंत जागची हलते का?

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन बाजू एकमेकींना मिळाल्या तर खर्ज तिथेच विरून जातो, म्हणून मागची बाजू बंद करायची. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या एआर-१ या स्पीकरने कोंडलेल्या हवेलाच पडद्याची स्प्रिंग बनवलं. ही स्प्रिंग किती जोर लावते? २५ लिटरच्या बंद पेटीत दहा इंची पडदा एक सेंटिमीटर आत आला तर साधारण पाव ते अर्धा लिटर हवा दबते. आतला दाब दोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. ऐकायला किरकोळ, पण फूटभर लांब-रुंद भिंतीवर तो सुमारे १७ किलो भरतो. ४० हर्ट्झच्या सुराला हे सेकंदाला ४० वेळा. भिंत लवचीक असेल तर ती स्वतःच वाजू लागते, आणि तो आवाज गाण्यातला नसतो.

फायबर म्हणजे मजबूत, हा समज इथे घात करतो. काचेच्या मॅटचं फायबर हे एमडीएफच्या, म्हणजे लाकूडभुशाच्या दाबीव फळीच्या, साधारण दुप्पट ताठ असतं, हे खरं. पण सपाट फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १८ मिलिमीटरचा एमडीएफ ६ मिलिमीटरच्या सपाट फायबरपेक्षा दहापटीहून अधिक ताठ ठरतो. फायबरचं बळ वळणात आहे. सपाट पान आमटी पेलत नाही, त्याचाच द्रोण केला की पेलतं. वक्र कवचावर आलेला दाब त्याला वाकवण्याऐवजी पृष्ठभागातच पसरतो. म्हणून स्पीकर जिथे कसायचा ती कडी आणि सपाट भाग एमडीएफचे, वळणं फायबरची. सगळी पेटी फायबरची करण्याचा हट्ट मला चुकीचा वाटतो.

मॅटचं वजन चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर भिजल्यावर जेमतेम एक मिलिमीटर भरतो, म्हणजे सहा मिलिमीटरला सहा थर. मॅटचे तुकडे एकमेकांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. पांढरी मॅट बघता बघता पारदर्शक होते आणि कोपऱ्यात निमूट बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून तिच्यासोबत विणलेलं कापड घ्यावं. याच स्टायरीनमुळे थर्माकोलचा साचा डोळ्यांदेखत वितळतो, तेव्हा त्यावर आधी फॉइल किंवा चिकटपट्टी हवीच. पुढच्या बाजूला कडीपासून पेटीपर्यंत फ्लीसचं ताणणारं कापड ताठ ओढून रेझिनने भिजवतात. ते फक्त आकार देतं. ताकद त्यावर चढवलेल्या मॅटची.

रेझिन सढळ हाताने ओतू नये. ताण पेलते ती काच. नुसतं रेझिन ठिसूळ असतं. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन पुरतं. जादाचं रेझिन आणि अडकलेले बुडबुडे रोलरने दाबून काढायचे. हार्डनर एक ते दोन टक्के; उन्हाळ्यात कमी, नाहीतर डबा हातातच तापून गोठतो. हार्डनर आणि रेझिन घट्ट होण्याला वेग देणारा कोबाल्ट कधीही थेट एकत्र करू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचा, मग हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्याला कायमची इजा करू शकतो. चष्मा, हातमोजे आणि वाहती हवा यांत तडजोड नको.

अशा वेड्यावाकड्या पेटीचं आकारमान टेपने निघत नाही, आणि स्पीकरला किती लिटर हवेत हे कंपनीने सांगितलेलं असतं. पाणी ओतून मोजू नये, एमडीएफ फुगतो. थर्माकोलचे मणी लिटरच्या मापाने भरून मोजावेत, तेही रेझिन पुरतं सुकल्यावरच. पेटी किंचित मोठीच करावी: जागा जास्त झाली तर आत लाकडाचे ठोकळे चिकटवता येतात, कमी पडली तर सगळं पुन्हा.