रणगाडा अमेरिकेचा, हेडफोन कोणाचा?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ साली लष्कराचे रणगाडा संग्रहालय सुरू झाले. मीरा-भाईंदरच्या एखाद्या शाळेची सहल तिकडे गेली, तर मुले तोफांपाशीच घुटमळतील. आपण मात्र रणगाड्यातल्या एका किरकोळ वाटणाऱ्या वस्तूचा विचार करू. ती म्हणजे हेडफोन आणि मायक्रोफोन. इंजिनाच्या धडधडाटात शेजारच्याचेही बोलणे ऐकू येत नसे. चालक, तोफची आणि रणगाड्याचा प्रमुख यांचे संभाषण यांतूनच चाले.

जुना रणगाडा पूर्ववत सजवताना ही जोडी कशी निवडावी? समजा, रणगाडा शेर्मन आहे. तो अमेरिकेत बनला, तेव्हा हेडफोनही अमेरिकी हवा, असे कोणालाही वाटेल. पण १९४५ साली ब्रह्मदेशात मेइक्तिला येथे लढलेल्या डेक्कन हॉर्स पलटणीच्या शेर्मनमध्ये तो शोभणार नाही. ब्रिटिश व हिंदी फौजांच्या शेर्मनमध्ये ‘क्रमांक १९’ हा ब्रिटिश रचनेचा बिनतारी संच असे. म्हणजे कारखान्यापेक्षा रणगाडा कोणी वापरला, हे आधी पाहावे.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे. अमेरिकी रणगाड्यांतला टी-१७ हा हातात धरायचा मायक्रोफोन कार्बनच्या कणांचा होता. आवाजाने पडदा हलला, की कण दाबले जातात आणि त्यांचा विद्युतरोध बदलतो. मात्र त्यांतून बाहेरून वीज वाहत असली पाहिजे. (दमट हवेत हे कण एकमेकांना चिकटतात, जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर लोक आपटत, ते उगीच नव्हे!) गळ्याला बांधायचा टी-३० हाही कार्बनचाच, तो स्वरयंत्राची कंपने थेट टिपत असल्याने इंजिनाचा गोंगाट त्यात कमी शिरे.

क्रमांक १९ संचाच्या मायक्रोफोनमध्ये लोहचुंबकाजवळ तारेचे बारीक वेटोळे असते. पडद्याबरोबर ते हलते आणि फॅरेडेच्या नियमानुसार स्वतःच क्षीण वीज निर्माण करते. तेथे कार्बनचा मायक्रोफोन जोडला, तर त्याला वीजच न मिळाल्याने संच मुका राहील. उलट, कार्बनसाठी केलेल्या जोडणीत वेटोळ्याचा मायक्रोफोन लावला, तर सतत वाहणाऱ्या धारेने वेटोळे एका बाजूला ढकलले जाईल, आवाज फाटेल. नाजूक तार जळेलही.

रबरी वायर उन्हापावसाने तडकलेली असेल, तर नवी घालण्यास हरकत नाही. पण नवी वायर कोणत्या वर्षी घातली, हे शेजारच्या पाटीवर लिहावे.