जेरबाचे यहुदी : बेट रिकामे का झाले नाही?

ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जेरबा नावाचे बेट आहे. तिथल्या रियाध गावात एक जुने सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ आहे. त्याचे नाव ‘अल-गरीबा’. आपण गरीब म्हणजे निर्धन समजतो, पण अरबीत या शब्दाचा अर्थ परका, एकाकी असा आहे. गंमत म्हणजे, इथले यहुदी मात्र परके नाहीत. शतकानुशतके ते इबादी आणि मालिकी मुसलमानांच्या शेजारी राहत आले, अरबी बोलत आले. हूमत सूकच्या बाजारात दागिने घडवणे हा त्यांचा जुना धंदा.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा ट्युनिशियात आल्या. 1943 च्या फेब्रुवारीत त्यांनी जेरबाच्या यहुद्यांकडे 50 किलो सोने मागितले. दिले नाही तर वस्तीवर बॉम्ब टाकू, अशी धमकी दिली. लोकांनी घराघरातून 40 किलोहून अधिक सोने गोळा करून दिले. काही आठवड्यांतच जर्मन मागे हटले.

युद्ध संपले तेव्हा बेटावर चार हजारांहून अधिक यहुदी होते. मग गळती सुरू झाली. 1948 मध्ये इस्राईलची स्थापना झाली आणि जेरबाची अनेक कुटुंबे तिकडे गेली. 1956 मध्ये ट्युनिशिया स्वतंत्र झाला. बुर्गिबा यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात आंद्रे बारूश हे यहुदी मंत्री होते; पण 1961 च्या बिझर्ते संघर्षात यहुद्यांकडे फ्रान्सचे हस्तक म्हणून संशयाने पाहिले गेले. जून 1967 च्या युद्धावेळी राजधानी ट्युनिसमध्ये दंगल होऊन मोठ्या सिनेगॉगला आग लावण्यात आली. देशात एकेकाळी सुमारे एक लाख यहुदी होते. आज दीड हजारांच्या आसपास उरले आहेत आणि त्यातले बहुतेक जेरबावर आहेत.

मग जेरबाच का टिकले? एक कारण शिक्षणाचे. फ्रेंच वळणाच्या शाळा इथल्या रब्बींनी नाकारल्या. मुले धर्मशिक्षण घेत राहिली, बोलीत अरबी राहिली. ट्युनिसच्या यहुद्यांना पॅरिस जवळचे वाटले, तसे यांना वाटले नाही. दुसरे कारण शेजाराचे. दरवर्षी अल-गरीबाच्या यात्रेत स्त्रिया अंड्यावर मन्नत लिहून गुहेत ठेवतात, त्यात मुस्लिम स्त्रियाही असतात. 2018 मध्ये जेरबाचेच रेने तराबेल्सी देशाचे पर्यटनमंत्री झाले.

पण चित्र एवढेच नाही. 1 ऑक्टोबर 1985 रोजी इस्राईलच्या विमानांनी हमाम अल-शत इथल्या पॅलेस्टिनी मुख्यालयावर बॉम्बफेक केली. कित्येक पॅलेस्टिनी आणि ट्युनिशियन मारले गेले. आठवडाभरातच अल-गरीबाच्या बंदोबस्तावरच्याच एका रक्षकाने भाविकांवर गोळ्या झाडल्या. 11 एप्रिल 2002 रोजी अल-कायदाने सिनेगॉगजवळ गॅसने भरलेला ट्रक उडवला. मेलेल्यांत बहुतेक जर्मन पर्यटक होते, ट्युनिशियनही होते. 9 मे 2023 रोजी यात्रेच्या वेळी नौदलाच्या एका रक्षकाने दोन यहुदी भाविकांचा आणि तीन सुरक्षा कर्मचाऱ्यांचा जीव घेतला. पुढच्या वर्षी, गाझात युद्ध पेटलेले असताना, यात्रा फक्त प्रार्थनेपुरती ठेवावी लागली.

विमाने पाठवणारे सरकार वेगळे आणि हूमत सूकचा सोनार वेगळा. हा फरक भारतातल्या मुसलमानांनी तरी विसरू नये. सीमेपलीकडे काही घडले की इथे आपल्याकडे बोट दाखवले जाते, जाब विचारला जातो. हे किती बोचते, ते आपण जाणतो. मग तोच जाब जेरबाच्या यहुद्याला कुठल्या तोंडाने विचारायचा? सूरह माइदाच्या आठव्या आयतीत शत्रुत्वातही न्याय सोडू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे.

पॅलेस्टिनींच्या हक्कासाठी आपण बोलत राहूच. पण अल-गरीबाच्या दारात झाडलेल्या गोळीने पॅलेस्टाईनची एक इंचही जमीन परत मिळाली नाही. शेजार मात्र तुटता तुटता राहिला. सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोने जेरबाला जागतिक वारसास्थळ ठरवले. या वारशात मशिदी आहेत, सिनेगॉगही आहेत. दगडमातीच्या वास्तू युनेस्को सांभाळेल. माणसे सांभाळणे हे शेजाऱ्यांचेच काम आहे.