गणवेशाच्या कडेनं (भाग ११) : दोन मीटर सुती कापड

मोज्यांवर लिहायचं मी मागच्या शनिवारी कबूल केलं होतं. टोकियोच्या शिबुयातल्या पोरींचे घोट्यावर चुण्या पडलेले लूज सॉक्स, ते घसरू नयेत म्हणून पोटरीला लावायचा खास गोंद, सगळं लिहून तयार आहे. पण मधे मूर्तिजापूरहून एका आजींचं पत्र आलं आणि मोजे आठवडाभर मागे सरकले.

रिबिनींवरचा आधीचा भाग वाचून आजी लिहितात : “रिबिनीचं वाचलं, बरं वाटलं. पन माही नात अकोल्याले क्लाससाठी राह्यते. उन्हात तोंडाले बांधते, हे समजते. पन संध्याकाळी काऊन बांधते? पावसाळ्यात काऊन बांधते? कोनापासून तोंड लपवते?”

शेवटचा प्रश्न एकट्या आजींचा नाही. बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या शिक्षक-खोलीत तो मी वीस वर्षं ऐकते आहे. “डाकू” म्हणतात, “चंबलची राणी” म्हणतात. म्हणून आज फक्त स्टोल. दुकानदार स्टोल म्हणतो, आया दुपट्टा म्हणतात, पोरी नुसतं “बांधायचं” म्हणतात. “थांब गं, बांधू दे,” एवढ्यावर सगळ्यांना कळतं.

आधी ऊन. अकोल्याबाहेरच्या माणसाला वाटतं, पंचेचाळीस अंशांत तोंडाला कापड म्हणजे आणखी गरम. उलट आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण पस्तीस अंश. हवा त्याहून गार असली तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा त्याहून तापली की तोच वारा उष्णता आणून अंगावर ओततो. सायकलवर हे तितकं जाणवत नसे, कारण सायकलला वेग तो किती? लूना १९७२ साली आली, पण ती वडिलांची गाडी होती. नव्वदीनंतर स्कूटी घरात आली, मुलीच्या हातात गेली, आणि भर दुपारी चाळीसच्या वेगानं लू थेट गालावर बसू लागली. तेव्हापासून तोंड झाकणं ही गरज झाली. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वारा लागला की तो घाम सुकताना गारवा देतो. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताटीतून हवा गार होऊन येते, तेच इथं नाकासमोर घडतं. क्लासला निघताना नळाखाली स्टोल भिजवून, पिळून बांधणाऱ्या पोरी मी तोष्णीवाल लेआउटमध्ये रोज पाहते. पॉलिस्टरच्या चकचकीत स्टोलमध्ये यातलं काहीच होत नाही. तो घेऊ नये, एवढं मी ठामपणे सांगते.

आजींच्या “संध्याकाळी काऊन”चं अर्धं उत्तर इथंच आहे. २०२४च्या मे महिन्याच्या शेवटी अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पार गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लावलं आणि खासगी शिकवण्यांना सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर वर्ग घ्यायला सांगितलं. आजी, मे महिन्यातले अकोल्याचे पाच म्हणजे संध्याकाळ नव्हे. डांबर तेव्हाही वाफा सोडत असतं.

स्टोलची ही चाल पुण्याहून आली, असं सगळे म्हणतात. पुण्याच्या पोरी बांधतात, खरं आहे. पण आपल्याकडे ती तिथून आली, हे मला पटत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला कापूस वेचायला निघालेल्या बायका आठवून पाहा. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, डोक्याला फडकं, त्याचं टोक नाकावरून ओढून कानामागं खोचलेलं. उघडे राहतात ते फक्त डोळे आणि बोटं. ऊन, धूळ, बोंडाची काटेरी टोकं, सगळ्यांपासून बचाव होतो. आज स्कूटीवरची मुलगी कुर्त्यावर पांढरा सुती सनकोट चढवते, हातमोजे घालते, तोंडाला स्टोल बांधते. दोघींना शेजारी उभं करा. सदऱ्याचा सनकोट झाला, फडक्याचा स्टोल झाला, बाकी पेहराव तोच. यातल्या कित्येक मुलींच्या आया आणि आज्या वेचणीला गेलेल्या आहेत. मुलींनी हे फॅशनच्या पुस्तकातून उचललेलं नाही, आपल्याच धुऱ्यावरून उचललंय. हे त्यांना कुणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता बांधणी. निवृत्तीच्या आदल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीनं मला ती शिकवली. कापड साधारण दोन मीटर लांब. मध्य कपाळावर, भुवयांच्या जरा वर. दोन्ही पदर कानांवरून मागं न्यायचे, मानेपाशी एकमेकांवरून फिरवायचे. उजवा पुढं आणून नाकाच्या हाडावरून डाव्या कानामागं खोचायचा. डावा गळ्याभोवती फिरवून मागं गाठ. सगळी मेख नाकाच्या हाडावर आहे. तिथं कापड सैल राहिलं तर पहिल्याच स्पीड ब्रेकरला सुटतं, घट्ट झालं तर श्वास कोंडतो आणि चष्म्यावर वाफ धरते. मला तीन आठवडे लागले. ती पोर लाल सिग्नलच्या आत, आरशात न बघता बांधत असे. शिवून तयार मिळणारे, मागं चिकटपट्टी लावलेले स्कार्फही निघाले आहेत. पोरी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि बरोबरच आहे. ज्यात हाताची करामत नाही, त्याची कुणाला ऐट!

या ऐटीचे नियम पोरींनीच ठरवले आहेत. अमरावतीच्या राजकमल चौकातून सुटणारे क्लास पाहा. एका गाडीवरच्या दोघींचा स्टोल एकाच जातीच्या कापडाचा, रंग मात्र वेगळा. एकीचा टोकाला गोंडे असलेला, एकीचा बांधणीचा. अकोल्यात टिळक रोडवर शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन मैत्रिणी मिळून स्टोल निवडतात, आणि त्यांचा वाद वह्यांच्या खरेदीपेक्षा लांबतो. शाळेनं स्कर्टची लांबी ठरवली, रिबिनीचा रंग ठरवला, वेण्या किती ते ठरवलं. स्टोलबद्दल कुठल्याही शाळेच्या नियमपुस्तकात मी कधी ओळ वाचली नाही, कारण तो फाटकाशी सोडावा लागतो. शाळेचा नियम संपतो तिथून मुलीच्या अंगावरचा हा एकच कपडा सुरू होतो, आणि तो तिनं स्वतः निवडलेला असतो.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. “काळी पडशील” ही भीतीही याच कापडात गुंडाळलेली आहे. गोरं करण्याचं आश्वासन देणारं फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आलं. त्याच्या नावातलं ‘फेअर’ निघायला २०२० उजाडलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत वऱ्हाडातल्या सावळ्या पोरींनी काय काय ऐकलं असेल, ते मी वर्गात पाहिलंय. उन्हापासून जप, हे सांगणं वेगळं आणि रंग जप, हे सांगणं वेगळं. पहिलं सांगावं. दुसरं कृपा करून सांगू नये.

जपानमध्येही गोरेपणा सात दोष झाकतो अशी म्हण आहे. पण १९९९-२००० च्या सुमारास त्याच शिबुयातल्या काही शाळकरी मुलींनी मुद्दाम तोंडं काळपट करून घेतली. यंत्राखाली झोपून कातडी भाजली, वर गडद रंग चढवला, डोळ्यांभोवती आणि ओठांवर पांढरं लावलं, केस पिंगट केले. गांगुरो हे त्यांचं नाव. आयांना धक्का बसला, मासिकांनी नाकं मुरडली. त्या पोरींना कुणाच्या पसंतीचं गोरेपण नको होतं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

आणि आता आजींच्या उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर, तेही जपानमधूनच. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं डोंगरच्या डोंगर ‘सुगी’ नावाच्या जपानी देवदाराच्या झाडांनी भरले. त्यांच्या परागकणांनी वसंतात लाखो लोकांची नाकं वाहू लागली आणि मास्क हा रोजचा झाला. पुढं आजार नसताना, परागकणांचा मोसम नसतानाही मुली मास्क लावू लागल्या. त्याला तिथं ‘दाते मासुकु’ म्हणतात, म्हणजे दिखाव्याचा मास्क. पण कारण विचारलं की मुली दिखाव्याचं बोलत नाहीत. तोंड झाकलं की बरं वाटतं, कुणी बघत नाही, चेहरा सांभाळावा लागत नाही, असं सांगतात.

अकोल्याच्या वसतिगृहातल्या मुली मला हेच सांगतात, वऱ्हाडीत. रिसोड, मेहकर, पातूरहून सोळाव्या-सतराव्या वर्षी एकटं येऊन राहायचं. खोली ते क्लास, क्लास ते खानावळ, हा रस्ता दिवसातून सहा वेळा चालायचा. पानठेल्यावरच्या नजरा सहा वेळा सोसायच्या. स्टोल बांधला की कोण कुणाची ते कळत नाही. नकाबातली मुलगी आणि स्टोलमधली मुलगी शेजारून जातात, दोघींचे नुसते डोळे दिसतात आणि रस्ता दोघींना सारखाच वाट देतो. आजी, तुमची नात कुणापासून तोंड लपवत नाही. ती बिनघोर चालते. पावसाळ्यात ऊन नसतं, पण पानठेला असतो.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आसपास नीटची परीक्षा असते, दुपारी दोनची, म्हणजे उन्हाच्या ऐन माथ्यावर. एकदा अकोल्यातल्या एका केंद्राबाहेर मी तासभर उभी होते. तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी प्रत्येक पोर गाठ सोडायची आणि स्टोल आईच्या किंवा बापाच्या हाती द्यायची. फाटक बंद झालं. बाहेर कडुनिंबाखाली शेकडो आईबाप उभे. काही बापांनी मुलीचा स्टोल खांद्यावर घेतला होता, काहींनी डोक्याला बांधला होता. धोतर नेसलेल्या एका म्हाताऱ्यानं नातीचा मोरपंखी स्टोल नीट चार घड्या घालून साडेतीन तास मांडीवर धरला होता.

लूज सॉक्स पुढच्या शनिवारी, नक्की. तोवर आजींना एक विनंती. नात सुट्टीत आली की तिच्याकडून बांधायला शिकून घ्या, आणि तुम्ही वेचणीला जाताना फडकं कसं बांधायचात, ते तिला दाखवा. दोन्ही गाठींत काय फरक निघाला, ते मला दोन ओळींत कळवा. मला तो खरोखर हवा आहे.