ट्रेनिंग झालं, पण आजींचं काय बदललं?

माझा पहिला आराखडा गाईड मॅडमनी पाच मिनिटांत परत दिला होता. विषय होता दिंडोरी तालुक्यातल्या आशाताईंना वृद्धांच्या काळजीचं प्रशिक्षण. पद्धत सोपी: आधी प्री-टेस्ट, मग ट्रेनिंग, मग पोस्ट-टेस्ट आणि गुणांची तुलना. मॅडम म्हणाल्या, "गुण आशाताईंचे वाढतील. आजींचं काय?"

पीएच.डी.ची तयारी करत असाल तर हा प्रश्न आत्ताच विचारून ठेवा. प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करायचं, याची डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेली चौकट आजही वापरतात. तिच्या चार पायऱ्या म्हणजे प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन आणि परिणाम. पोस्ट-टेस्ट दुसऱ्या पायरीवरच थांबते.

तिसरी पायरी मोजायची कशी? आशाताई भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत मदत लागते का, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. यातलं एखादं उत्तर 'हो' आलं, तर पुढे काय झालं ते बघायचं. आजींना आरोग्य केंद्रात दाखवलं का? मोरीजवळची निसरडी फरशी तशीच आहे का? आणि उत्तर आजींनी दिलं की शेजारी बसलेल्या सूनबाईंनी, हेही लिहून ठेवा. विसरण्याच्या प्रश्नात तर हा फरक फारच मोठा.

चौथ्या पायरीवर दिंडोरीची द्राक्षं आडवी येतात (खरंच!). समजा, पहिली पाहणी ऑगस्टमध्ये केली आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरात गोडी छाटणी. घरातली धडधाकट माणसं बागेत, म्हातारं माणूस दिवसभर एकटं. जेवणाला उशीर, औषध राहून गेलेलं. आकडे बिघडलेले दिसतील आणि दोष तुम्ही ट्रेनिंगला द्याल. उलट, दुसरी पाहणी कामं सरल्यावर केलीत तर फुकटचं श्रेय मिळेल. म्हणून त्याच काळात पाहिलेली, पण ट्रेनिंग न मिळालेली गावं तुलनेला हवीतच.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. विषय वेगळा आहे, पण पद्धत शिकण्यासारखी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांच्या काळजीचं प्रशिक्षण दिलं. ३९ गावांत हा उपक्रम होता आणि ४७ गावं तुलनेला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा भर होता बाळांच्या मृत्यूदरावर. प्रशिक्षणाचा परिणाम ज्याची काळजी घ्यायची त्याच्यावर मोजला, हे महत्त्वाचं.

आता एक अडचण. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आशाताई मासिक बैठकीत भेटतात, बोलतात. निम्म्यांना शिकवलं तर उरलेल्यांनाही अर्धं कळतंच, आणि कळावंच! मग गट पाडायचे ते आशाताईंचे नाहीत, अख्ख्या केंद्रांचे. पण तालुक्यात अशी केंद्रं मोजकीच. आजी-आजोबा शेकड्यांनी भेटले तरी गट थोडेच राहतात, आणि नमुना किती मोठा हवा हे ठरवताना ते धरावं लागतं. म्हणून दुसरा आराखडा लिहिण्याआधी मी सांख्यिकी शिकवणाऱ्या मित्राकडे गेले. त्याने पहिल्याच दिवशी शेजारचे तालुकेही घ्यायला लावले.