घसादुखीनंतरचा मनोविकार आणि ड जीवनसत्त्व

आठ वर्षांचा मुलगा. घसा सुजून आलेला ताप उतरला आणि पंधरवड्यातच तो दिवसातून ३० वेळा हात धुऊ लागला, डोळे मिचकावू लागला. बालग्रह समजून पालकांनी त्यास माझ्याकडे आणले. अशा रुग्णांचे वर्णन डॉ. सुसान स्वीडो यांनी १९९८ मध्ये ‘पँडास’ या नावाने केले. स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिपिंडे मेंदूतील बेसल गँग्लियावर उलटतात, अशी त्यामागील उपपत्ती. ती अद्याप वादातीत नाही.

इटलीतील २०१८ च्या अभ्यासात अशा मुलांत ड जीवनसत्त्व निरोगी मुलांपेक्षा कमी आढळले. ते प्रतिकारशक्तीचे नियमन करते, हे खरेच; परंतु भयग्रस्त मूल अंगणातही जात नाही, मग ऊन कोठून मिळणार? हेतू कोणता आणि लक्षण कोणते, हे एवढ्यावरून ठरत नाही. कमतरता आढळल्यास ती अवश्य भरून काढावी, मात्र तीच चिकित्सा समजू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी ६०,००० युनिटची पुडी मुलांसाठी चिठ्ठीविना देऊ नये. अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून वृक्कांस इजा होते.

त्या मुलाच्या घशाचा स्राव मी प्रथम तपासावयास पाठविला आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांस चिठ्ठी दिली. ब्राह्मीचा विचार त्यानंतरचा.