जमिनीखालची गरम पाण्याची नळी: जाड घ्यायची की बारीक?

बाहेर बर्फ आणि घरात अनवाणी पायांना उबदार जमीन! अमेरिकेतल्या अनेक लाकडी घरांत ही ऊब जमिनीखाली फिरणाऱ्या गरम पाण्यातून मिळते. घर बांधून झालं असलं तरी ही सोय करता येते. जमिनीला आधार देणाऱ्या लाकडी तुळयांना जॉइस्ट म्हणतात. दोन जॉइस्टच्या मधल्या गाळ्यात, फळ्यांना खालून ‘पेक्स’ प्लास्टिकची नळी बसवतात. पण ती किती इंची घ्यायची? खालून छत बंद झाल्यावर चूक सुधारायची तर सगळं उखडावं लागतं.

जाड नळी म्हणजे जास्त ऊब?

तसं नाही. ऊब मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: पाण्याचं तापमान, नळ्यांमधलं अंतर आणि नळीचा लाकडाशी संपर्क. म्हणूनच नळी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत बसवतात. पट्टी उष्णता फळीभर पसरवते, त्यामुळे कमी गरम पाण्यातही काम भागतं.

मग फरक कुठे पडतो?

पाणी किती सहज वाहतं, यात. 3/8 इंची नळीत अर्धा इंचीच्या जेमतेम निम्मं पाणी मावतं आणि घर्षणही जास्त होतं. नळीचा फेरा फार लांबला, तर प्रवाह मंदावतो आणि शेवटच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत पाणी निवतं. म्हणून अर्धा इंची नळीचा एक फेरा साधारण 300 फुटांच्या आत ठेवतात, तर 3/8 इंचीचा 200 ते 250 फुटांच्या आत.

एका खोलीचा हिशेब

समजा, खोली 150 चौरस फुटांची आहे आणि जॉइस्ट 16 इंचांवर आहेत. प्रत्येक गाळ्यात नळी दोनदा फिरवली, की नळ्यांमध्ये 8 इंच अंतर राहतं. म्हणजे चौरस फुटाला दीड फूट, एकूण 225 फूट नळी. बॉयलरकडून येण्याजाण्याची 30 फूट धरली, तर 255 फूट. अर्धा इंचीत हे एका फेऱ्यात बसतं. 3/8 इंचीला दोन फेरे लागतात, म्हणजे जोडही दुप्पट.

मग पाऊण इंची का नको?

ती ताठ असते आणि अरुंद गाळ्यात वळवताना दमछाक होते. ती मुख्य लाइनसाठीच बरी.

थोडक्यात, अशा खोलीला अर्धा इंची नळी सोयीची. पट्टीची खाच त्याच मापाची घ्या आणि नळीखाली इन्सुलेशन विसरू नका. नाहीतर ऊब खोलीऐवजी तळघरात जाईल!