दारू प्यायलात तर गाडी चालूच होणार नाही! काय आहे हे यंत्र आणि आपल्या भागात त्याचा उपयोग किती?

अहिल्यानगर : लग्नसराई, जत्रा आणि ऊस गाळपाचा हंगाम आला की जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ वाढते. नगर-मनमाड, नगर-पुणे, नगर-कल्याण या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर, शिर्डीला जाणाऱ्या गाड्या आणि दुचाक्या एकाच वेळी धावतात. त्यातला एक चालक जरी पिऊन बसला, तरी न पिणाऱ्याचाही जीव जाऊ शकतो. म्हणूनच चालकाने दारू घेतली असेल तर गाडी चालूच होऊ न देणाऱ्या यंत्राची चर्चा आहे.

यंत्राला कळतं कसं?

प्यायलेली दारू रक्तात जाते आणि रक्तातून फुप्फुसातल्या हवेत उतरते. साधारण 2100 मिलिलिटर श्वासात जेवढा अल्कोहोल, तेवढा 1 मिलिलिटर रक्तात असतो. या हिशेबाने फुंकर मारली की रक्तातलं प्रमाण कळतं. यंत्रातल्या प्लॅटिनमच्या पट्टीवर अल्कोहोल आला की बारीक वीज तयार होते. दारू जास्त, तर वीज जास्त.

हे यंत्र गाडीच्या स्टार्टरला जोडलेलं असतं. प्रमाण ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की चावी फिरवूनही इंजिन चालू होत नाही.

दुसऱ्याने फुंकलं तर?

ही पळवाट आहेच. म्हणून चांगल्या यंत्रात कॅमेरा असतो, आणि वाटेत मधूनच पुन्हा फुंकायला सांगितलं जातं. अमेरिकेत तर नळीत न फुंकता, चालकाच्या सहज श्वासावरून किंवा बटणावर ठेवलेल्या बोटावरून दारू ओळखण्याच्या तंत्रावर काम सुरू आहे. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये असं यंत्र जोडण्याची सोय ठेवणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात खासगी गाडीला असं यंत्र सक्तीचं नाही. एसटीच्या नव्या बसमध्ये चालकाचा श्वास तपासणारी यंत्रणा बसवणार असल्याचं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी 2025 मध्ये सांगितलं होतं. पण गावात जास्त आहेत त्या दुचाक्या, जुने ट्रॅक्टर आणि पिकअप. त्यांच्यात हे यंत्र लवकर येईल असं दिसत नाही. तोवर यंत्राचं काम माणसांनाच करावं लागणार.

रात्रीची सकाळी उतरते का?

इथेच बरेच जण फसतात. शरीर दारू हळूहळू बाहेर काढतं. सर्वसाधारण माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तातून तासाला साधारण 15 मिलिग्रॅम दारू कमी होते. कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. समजा रात्री 12 वाजता प्रमाण 120 आहे. मग मर्यादेपर्यंत यायलाच सकाळचे 6 वाजतात, आणि पूर्ण उतरायला 8. म्हणजे पहाटे 5 ला दुधाचा टेम्पो काढणारा चालक झोपून उठला तरी कायद्याने पिलेलाच असतो. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

दंड आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार पहिल्यांदा सापडल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांचा दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15 हजारांचा दंड, किंवा दोन्ही.

त्याहून मोठा फटका विम्याचा. चालक दारूच्या नशेत असेल तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयानेही 2021 मध्ये अशा एका प्रकरणात कंपनीची बाजू मान्य केली. म्हणजे ट्रॅक्टर गेला तरी कर्जाचे हप्ते सुरूच. शिवाय समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करायला जाऊ शकते. चालक पगारी असला तरी गाडी तुमच्या नावावर आहे, हे लक्षात ठेवा.

आजच करता येण्यासारखं

- ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअपच्या मालकांनी फुंकून तपासायचं छोटं यंत्र घ्यावं. फ्युएल सेलचं यंत्र स्वस्त सेन्सरपेक्षा भरवशाचं असतं. कंपनी सांगेल तेव्हा ते तपासून घ्यावं.
- प्यायल्यानंतर किंवा माउथवॉशने चूळ भरल्यानंतर 15 मिनिटं थांबूनच फुंकावं, नाहीतर आकडा चुकीचा येतो.
- यंत्राने कमी आकडा दाखवला म्हणजे "आता चालतंय" असं नाही. प्यायला असेल तर चावी देऊच नका.
- लग्नाला, जत्रेला जाताना न पिणारा चालक निघण्याआधीच ठरवा. तिथे गेल्यावर कोणी ऐकत नाही.
- गाडी वेडीवाकडी चालताना दिसली तर 112 वर फोन करा. अपघात झाला तर 108 वर रुग्णवाहिका मिळते.

चावी काढून घेतली म्हणून पाहुणा दोन दिवस रुसेल. रुसू द्या, तो घरी तर पोहोचेल.